बापलेकांसाठीं गळाची काठी

कोणताहि छंद घरांत शिरतो तो बहुधा दुकानाच्या वाटेनें. गायनाचा पहिला सूर लागण्यापूर्वीं तंबोरा येऊन भिंतीशीं उभा राहतो, चित्रकलेची पहिली रेघ ओढली जाण्यापूर्वीं रंगांच्या पेट्या येतात, आणि दोन महिन्यांनीं दोन्ही माळ्यावर चढतात. चौतीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें असे माळे मीं पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हां मुलाच्या छंदासाठीं काय घ्यावें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. त्यांत पैसा असतो, मुलाचा उत्साह असतो, आणि बापाचा वेळहि असतो.

यंदा हा प्रश्न आमच्याच घरीं उपस्थित झाला. आमचे चिरंजीव पुण्यास एका कारखान्यांत अभियंता आहेत. नोकरीनिमित्त मध्यंतरीं ते दोन वर्षें स्कॉटलंडांत होते. तेथें नदीच्या पात्रांत गुडघाभर पाण्यांत उभे राहून बाप आणि मुलें पिसांच्या कृत्रिम माशीनें मासे धरतात, तें पाहून त्यांच्या मनानें घेतलें कीं, आपल्या नऊ वर्षांच्या मुलासहि ही कला शिकवावी. रेडीस आमच्या घरापासून खाडी हांकेच्या अंतरावर आहे. त्यांनीं बापासाठीं एक व मुलासाठीं एक, अशा दोन संपूर्ण संचांची यादी केली. बेरीज चाळीस हजारांच्या घरांत गेली. ती माझ्यापुढें ठेवून ते म्हणाले, "बाबा, तुम्हीच पाहा. वर्षांतून आम्ही इथें येणार तीन आठवडे. एरवीं मी घरीं पोंचतों तेव्हां हा निजलेला असतो. हे तीन आठवडे तरी आम्हां दोघांचे असावेत, एवढ्यासाठीं हा खटाटोप. पण इतका खर्च करावा का?"

यादीवर विचार सुरू होतो न होतो तोंच सूनबाईंनीं दुसरा प्रश्न काढला. आम्ही सारस्वत, सोमवार, श्रावण आणि सणवार सोडले तर मासळी आमच्या घरीं वर्ज्य नाहीं. सूनबाई मात्र घांटावरील शाकाहारी घरच्या. स्वतः खात नाहींत, परंतु चुलीवर काय शिजतें याबद्दल त्यांनीं आजवर कधीं नाक मुरडलेलें नाहीं. त्या म्हणाल्या, "बाबा, मासळी खाणाऱ्या घरांत मी इतकीं वर्षें नांदतें आहें, तिचें मला कांहीं वाटत नाहीं. पण पोटासाठीं मासा धरणें निराळें, आणि गंमत म्हणून मुलाच्या हातून त्याच्या ओठांत आंकडा अडकविणें निराळें. यांतून तो काय शिकणार?"

हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाहून अवघड होता, आणि त्याचें कांहीं तरी उत्तर दिल्यावांचून खरेदी करणें योग्य नव्हतें. आमची संवय अशी कीं, अडचण आली म्हणजे प्रथम पोथ्या उघडाव्या. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशति, असे त्याचे शंभर अध्याय. राजनीति, पाककला, चित्रकला यांच्या पंक्तीस 'मत्स्यविनोद' असाहि एक भाग त्यांत आहे. माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, गळ, दोरी आणि काठी यांचा विचार राजानें तेथें केला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या भागावर लेख लिहून तो विद्वानांच्या नजरेस आणला. उलट पक्षीं भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें आपल्या चोवीस गुरूंत मीनाचीहि गणना केली आहे. जिव्हेच्या लोभानें गळास लागून प्राण गमावणारा मासा पाहून तो रसनेचा निग्रह शिकला. म्हणजे आपल्याच परंपरेंत राजा गळ टाकून बसला आहे, आणि अवधूत त्याच माशापुढें शिष्य होऊन उभा आहे. सूनबाईंना मीं दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्या म्हणाल्या, "राजाला शिकवायला त्याची आई नव्हती बसली." यावर मीं पोथी मिटली.

पाश्चात्यांकडेहि या विषयाचें वाङ्मय जुनें आहे. गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी निबंध १४९६ सालीं छापला गेला. आयझॅक वॉल्टनचें प्रसिद्ध पुस्तक १६५३ चें. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीस चार्ल्स कॉटननें माशीच्या मासेमारीवर दुसरा भाग जोडला. आपल्या किनाऱ्यावर मंगळूर येथें १८७३ सालीं हेन्री सुलिव्हन टॉमस या मुलकी अंमलदाराचें 'द रॉड इन इंडिया' प्रसिद्ध झालें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं काश्मीरच्या नद्यांत विलायती ट्राउट मासा आणून सोडला गेला, आणि माशीचा गळ हिंदुस्थानांत रुजला तो मुख्यतः अशा थंड पाण्यांच्या आश्रयानें. आमची खाडी खारी, उबदार आणि वाऱ्याची. तेव्हां स्कॉटलंडची यादी रेडीस जशीच्या तशी लागू पडेल, अशी अपेक्षा करणेंच चुकीचें होतें.

साधा गळ आणि माशीचा गळ यांतील भेद येथें सांगितला पाहिजे, कारण सर्व खरेदी त्यावर अवलंबून आहे. साध्या गळाच्या टोंकाशीं शिसें असतें. तें फेंकलें कीं हलकें तंगूस त्याच्या मागोमाग जातें. माशीच्या गळांत नेमकें उलट. माशी म्हणजे पिसें, केस आणि दोरा गुंडाळलेला आंकडा. तिला वजन जवळजवळ नाहींच. म्हणून येथें दोरीच जाड आणि वजनदार करतात. फेंकावयाची ती दोरी, आणि माशी तिच्या शेपटास धरून जाते. ही दोरी प्रथम पाठीमागें उडवून पुरती लांब होऊं द्यावी लागते, मग ती पुढें टाकावयाची. पुढें तीस फूट टाकावयाची असेल तर मागेंहि तेवढें मोकळें रान पाहिजे. आमच्या खाडीच्या कांठीं मागें कांदळवन आणि माड. तेथें दोरी पाण्यांत कमी व झावळ्यांत अधिक जावयाची.

यासाठीं मीं चिरंजीवांना घेऊन एका वृद्ध गाबितांकडे गेलों. सारा जन्म त्यांनीं होडींत आणि रापणींत घालविला आहे. यादी त्यांस वाचून दाखविली. ते शांतपणें ऐकून म्हणाले, "मास्तरानू, पयला पाणी वळखूक होया, काठी मगे." नंतर ते आम्हांस यशवंतगडाच्या पायथ्याकडील बाजूस घेऊन गेले, आणि ओहोटीस कोणती वाळू उघडी पडते, भरतीचें पाणी प्रथम कोणत्या वळणांतून शिरतें, मुडदुशी कोठें फिरते, काळुंदर कोणत्या दगडांच्या आडोशास राहतें, हें त्यांनीं तासाभरांत दाखविलें. अर्ध्या ओहोटीनंतर मागें मोकळी व पुढें उथळ अशी वाळूची एक पट्टी उघडी पडते. माशीची दोरी उडविण्याजोगी जागा तेवढीच. वेळेसाठीं त्यांचा आधार पंचांगाचा. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीचा सुमार येतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. तासाभराचा फरक राहतो, पण मुलास घड्याळ, तिथि आणि समुद्र यांची सांगड एकदम कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत मुलाला पाण्याजवळ नेऊं नये, भांगाचें पाणी बरें, हेंहि त्यांनीं बजावलें. निघतांना ते म्हणाले, "पोर दमलां काय मासोय गेलो नि हौसय गेली."

या एका वाक्यानें आमची यादी निम्म्याहून अधिक कापली.

पहिली काठी आम्हीं विकत घेतलीच नाहीं. सिंधुदुर्गांत बांधाबांधावर माणगा नांवाचा बांबू लावलेला असतो. तो जवळजवळ भरीव, कांटे नसलेला आणि चिवट असतो. पाऊस संपल्यावर तोडून सावलींत वाळविलेली माणग्याची नऊ फुटी काठी, तिच्या शेंड्यास तेवढ्याच लांबीचें तंगूस, एक बूच, एक लहान आंकडा, आणि आमिष म्हणून सुंगटाचा तुकडा. याला रीळ नाहीं, फेंकण्याचें शास्त्र नाहीं, मोडण्याची भीति नाहीं. खर्च तंगुसाचा व आंकड्यांचा मिळून अडीचशें रुपयांच्या आंत. आंकडे घेतांना एक लक्षांत ठेवावें, क्रमांक जितका मोठा तितका आंकडा लहान. आम्हीं आठ व दहा क्रमांकाचे घेतले.

माशीची काठी मात्र विकत घ्यावी लागली. तिच्या दोरीस पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून क्रमांक देतात. पांच क्रमांकाच्या दोरीचे तीस फूट सुमारें नऊ ग्रॅम भरतात, आठ क्रमांकाचे सुमारें साडेतेरा. काठीवरहि तोच क्रमांक छापलेला असतो आणि दोन्ही जुळले पाहिजेत. डोंगरी ओढ्यांतील लहान माशांस चार-पांच क्रमांक पुरतो. समुद्राच्या वाऱ्यांत प्रौढ माणसें आठ किंवा त्याहून जड वापरतात. आठाची काठी नऊ वर्षांच्या मनगटास झेपत नाहीं, आणि चाराची दोरी आमचा वारा परत तोंडावर आणून टाकतो. आम्हीं सहाची घेतली, साडेआठ फुटी.

काठी कशाची, हा पुढचा प्रश्न. कर्बतंतूंची काठी हलकी आणि ताठ असते. कांचतंतूंची थोडी जड, पण लवचिक, स्वस्त आणि मार खाणारी. कांचतंतूंच्या काठीचा वेग मंद असतो. दोरी मागें लांब झाली हें हाताला कळावयास अवधि मिळतो. शिकाऊ हातास हा गुण मोठा आहे. शिवाय कर्बतंतूंतून वीज वाहते. विजेच्या तारांखालीं किंवा वळवाच्या गडगडाटांत ती काठी हातांत धरणें धोक्याचें. तारेस ओली दोरीहि लागतां कामा नये, म्हणून काठी कशाचीहि असो, तारांखालीं उभें राहूंच नये. दुकानांत आम्हीं एक साधी परीक्षा केली. मुलाच्या हातांत रिळासह काठी देऊन ती आडवी धरावयास सांगितली आणि शंभरपर्यंत अंक मोजले. साठाच्या आंत शेंडा खालीं आला त्या काठ्या परत ठेवल्या. मुठीचें बूच मुलाच्या बोटांच्या वेढ्यांत बसतें कीं नाहीं, हेंहि पाहिलें.

पैसा घालावयाचा असेल तर तो दोरीवर घालावा; तरंगणारी आणि पुढील भागांत वजन असलेली दोरी नवशिक्यास सोपी. लहान माशांसाठीं रीळ म्हणजे केवळ दोरी गुंडाळून ठेवण्याची चकरी. त्यावर चकाकीसाठीं खर्च करूं नये, मात्र तें खाऱ्या पाण्यास टिकणारें असावें. दोरीच्या टोंकास बारीक होत जाणारा नायलॉनचा धागा लावतात. तो तयार महाग मिळतो. आम्हीं अर्धा, चार दशांश, तीन दशांश आणि पाव मिलिमीटर जाडीचे तुकडे एकमेकांस गांठून सात फुटांचा धागा घरींच केला. या गांठी शिकण्यांत बापलेकांच्या दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या काठीपेक्षांहि कारणीं लागल्या असें मला वाटतें.

आतां दोन काठ्या कीं एक, याविषयीं. माझें मत स्पष्ट होतें आणि तें मीं चिरंजीवांस सांगितलें: पाण्यावर जातांना दोघांत एकच काठी न्यावी, आणि ती मुलाच्या मापाची असावी. मोठ्या माणसास लहान काठी वापरतां येते. लहान मुलास मोठी येत नाहीं. दोन काठ्या असल्या म्हणजे बाप आणि मूल दोन पाण्यांत उभीं राहतात. बापाचा गळ दगडांत अडकला कीं तो आपला गळ सोडवीत बसतो, आणि मुलाचा गुंता तसाच राहतो. शिवाय दोन दोऱ्या हवेंत उडूं लागल्या कीं आंकडा कोणाच्या कानास लागेल याचा नेम नाहीं. एक काठी असली म्हणजे एकानें फेंकावें, दुसऱ्यानें त्याच्या मागें डावीकडे, दोरीच्या टप्प्याबाहेर बसून पाहावें. पाहणें हीहि विद्याच आहे. शाळेंत मुलें फळ्यावर दुसऱ्यानें सोडविलेलें गणित पाहूनच निम्मीं शहाणीं होतात. चिरंजीवांस हें प्रथम पटलें नाहीं. "मग मी काय करायचें?" असें ते म्हणाले. मीं म्हटलें, "वर्षभर तुम्हांला हातांत कांहीं नसतांना मुलाजवळ बसायला मिळत नाहीं, तें करायचें." त्यावर ते कांहीं बोलले नाहींत, पण यादींतील दुसरा संच त्यांनीं खोडला.

अभ्यासासाठीं पाणी लागत नाहीं, हा माशीच्या गळाचा एक विशेष. वैशाखांत भाताचे कुणगे मोकळे असतात. तेथें आंकड्याऐवजीं लोकरीचा लाल गोंडा बांधून, पंधरा पावलांवर सुपली ठेवून, गोंडा सुपलींत पाडावयाचा खेळ आम्हीं आठ दिवस चालविला. वारा डाव्या बाजूनें यावा असें उजव्या हाताच्या माणसानें उभें राहावें, म्हणजे दोरी अंगापासून दूर जाते. पहिल्या दिवशीं दोरीचीं वेटोळीं नातवाच्या टोपीवर पडत होतीं. आठव्या दिवशीं दहांतून चार वेळां गोंडा सुपलींत. आजीनें शिवणाच्या डब्यांतून दोरा आणि कोंबडीचीं पांढरीं पिसें काढून दिलीं. त्यांच्या माशा घरींच बांधल्या. आमच्या खाडींत मासे उडत्या माशीपेक्षां लहान मासळी आणि सुंगटें यांच्यामागें लागतात, म्हणून माशी तशी दिसावी, एवढेंच धोरण. सूनबाई या खेळास रोज येऊन बसत. यांत कोणाच्या ओठांस इजा नव्हती.

परंतु शेवटीं पाण्यावर जावयाचें होतेंच, आणि त्यांचा प्रश्न तसाच उभा होता. कित्येक शौकीन मासा धरून लगेच सोडून देतात, आणि तो दयेचा मार्ग मानतात. चिरंजीवांनीं तोच सुचविला. सूनबाईंना तो पटला नाहीं; "सोडायचाच, तर धरायचा कशाला?" हा त्यांचा मुद्दा मलाहि निरुत्तर करणारा वाटला. अखेर नियम त्यांनींच घालून दिले. जें खावयाचें नाहीं त्यासाठीं गळ टाकावयाचा नाहीं. एका दिवसास दोन मासे, अधिक नाहीं. वितीपेक्षां लहान आला तर तो परत जाईल. आणि जो घरीं येईल तो मुलानें स्वतः आजीजवळ बसून साफ करावयाचा. गंमत तेवढी मुलाची आणि घाण दुसऱ्याची, हें चालणार नाहीं.

लहान मासा सोडण्याचा त्यांचा नियम शासनाच्या धोरणाशींहि जुळतो. महाराष्ट्रांत २०२३ सालीं चोपन्न जातींच्या माशांची किमान लांबी ठरविली गेली. सुरमई ३७० मिलिमीटरांहून आणि पापलेट १३५ मिलिमीटरांहून लहान धरूं नये, असा तो दंडक आहे. आम्हीं माणग्याच्या काठीवर चाकूनें वितीची खूण केली. सोडावयाचा मासा जगावा म्हणून आंकड्याचा उलटा कांटा पकडीनें चेपून टाकला. त्यानें मासा कधीं निसटतो, पण आंकडा माशाच्या तोंडांतून आणि प्रसंगीं माणसाच्या बोटांतूनहि सहज निघतो. मासा कोरड्या हातानें धरूं नये. त्याच्या अंगावरील चिकट थर हें त्याचें संरक्षण आहे. शिंगाळ्यास मात्र हातच लावूं नये. त्याच्या पाठीचा व कल्ल्यांजवळचा कांटा विषारी असतो. तो बापानें पकडीनें सोडवावा. कांटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यांत हात धरून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावें.

महाड तालुक्यांत वाळणकोंडीस काळ नदीच्या डोहांतील मासे देवीचे मानतात, तेथें गळ टाकीत नाहींत. ही गोष्ट मीं नातवास सांगितली तेव्हां तो म्हणाला, "मग आपल्या खाडींतले मासे कोणाचे?" त्याच्या आईनें उत्तर दिलें, "ज्यांचें पोट त्यांवर आहे त्यांचे. आपण मागून घेतों." पांचव्या दिवशीं माणग्याच्या काठीस वितीहून मोठें काळुंदर लागलें. तें नातवानें घरीं आणून, ओठ घट्ट मिटून, आजीच्या हाताखालीं साफ केलें. जेवतांना तो नेहमींपेक्षां गप्प होता आणि पानांत त्यानें कांहीं टाकलें नाहीं. माशीच्या गळास त्या सुटींत दोनच मासे लागले; दोन्ही वितीहून लहान, दोन्ही परत गेले.

ज्यांस असा बेत करावयाचा असेल त्यांच्यासाठीं आमचा जमाखर्च देतों. काठी, रीळ आणि दोरी मिळून नऊ हजार, गांठीचें नायलॉन व आंकडे सातशें, पकड अडीचशें, दोघांस डोळे झांकणारे चष्मे पांचशें, माणग्याची काठी शेजाऱ्यांच्या बांधावरची. एकूण साडेदहा हजारांच्या आंत. किंमती गांवोगांव आणि वर्षागणिक बदलतील, पण प्रमाण हेंच राहावें. चष्म्याची काटकसर कोणी करूं नये. ज्यांस एवढाहि खर्च नको त्यांनीं अडीचशें रुपयांत माणग्यावर थांबावें. बापलेकांच्या सकाळी त्यावरहि तितक्याच चांगल्या जातात. घरीं आल्यावर रीळ, दोरी आणि काठीचे सांधे गोड्या पाण्यानें धुवून सावलींत वाळवावे, नाहींतर खारा वारा एका पावसाळ्यांत सर्वांची माती करतो. आमच्याकडे हें काम मुलाकडे आहे, आणि काठी माळ्यावर न ठेवतां पडवींत आडव्या खुंट्यांवर ठेवलेली आहे.